गरम पाणी बारीक, गार मात्र फुल फोर्स : गॅस गीझरचा प्रॉब्लेम (ठाणे)

कासारवडवलीकर :
मंडळी, जरा मदत हवीये. घोडबंदर रोडला राहतो, २२ मजली टॉवर, आमचा फ्लॅट ९ व्या मजल्यावर. ड्राय बाल्कनीत ६ लिटरवाला गॅस गीझर आहे, पाइप गॅसवर चालतो, त्याच्यावर दोन बाथरूम आणि किचनचं सिंक. आत्तापर्यंत काही कुरकुर नव्हती पण हल्ली गरमचा नळ पूर्ण उघडला तरी करंगळीएवढी धार येते आणि जी येते ती इतकी कढत की हात लावायची सोय नाही, म्हणून गॅसचा नॉब अगदी कमीवर आणून ठेवलाय, तरी मधेच ज्योत फट्कन बंद होते आणि अंगाला साबण लावलेला माणूस आतून बोंबलतो. गार पाणी मात्र तिन्ही ठिकाणी जबरदस्त फोर्सने येतं. मेकॅनिकला बोलावलं तर त्याने कव्हरसुद्धा न काढता सांगितलं की कॉइल (आतली तांब्याची नळी, जिच्यात पाणी तापतं ती) चोकअप आहे, बदलावी लागेल, आणि कॉइलच्या किमतीत थोडे घालून नवीनच घ्या की. आता बायको म्हणते नवीन घेऊन टाकू, मला वाटतंय नक्की काय झालंय ते कळल्याशिवाय पैसे कशाला घालायचे. कोणाला असा अनुभव आहे का? सेल नवीन टाकलेत, ते करून झालंय.

पानापकड :
आधी काही प्रश्न. गरम सगळ्याच नळांना बारीक आहे की एखाद्याला जास्त? गीझरवर गॅसच्या नॉबशेजारी पाण्याचा नॉब असतो तो कुठे आहे? आणि हे हळूहळू झालं की एकदम? एकदम झालं असेल तर त्या सुमारास सोसायटीत टाकी धुतली, पंप बदलला, लाइन फुटली असं काही झालं होतं का?
कॉइल क्षाराने भरते ती एका रात्रीत नाही. महिनोन् महिने लागतात, आणि तोपर्यंत लोकांना कळतही नाही कारण सवय होत जाते.

उंदीरमामा :
नवीन घ्या हो. काय दिवसभर पान्हे घेऊन बसणार.

कासारवडवलीकर :
@पानापकड, पाण्याचा नॉब मधोमध आहे, तो पूर्ण उघडून बघितला, फार फरक नाही. तिन्ही ठिकाणी बारीक पण मास्टर बेडरूमच्या बाथरूमला सगळ्यात वाईट. आणि तुम्ही म्हणालात म्हणून डोक्यात आलं, दिवाळीच्या आधी टेरेसच्या टाक्या धुतल्या होत्या, त्यानंतरच सुरू झालंय बहुतेक. गार पाणी त्याच टाकीतून येतं पण त्याला काहीच नाही म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने :
टाकी धुतली हे वाचलं आणि समजलो. आमच्या सोसायटीत (मानपाडा) टाकी धुतली की पुढच्या आठवड्यात निम्म्या बिल्डिंगचे फोन मला. टाकीचा तळ घासताना गाळ हलतो, धुणारे लोक डाउनटेकचा (टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाचा) वॉल्व्ह नीट बंद करत नाहीत, सगळी बारीक रेती आणि टाकीचे टवके खाली लाइनमध्ये. गार नळाच्या तोंडाला जाळी असते तिच्यातही अडकतं पण ती भोकं मोठी आणि काढून झटकता येते. गीझरच्या इनलेटला बारीक जाळी असते ती कोणी उघडून बघत नाही. वर घोडबंदरला टँकरचं पाणी, त्यात बोअरवेलचं मिसळलेलं, त्यामुळे क्षार वेगळे आणि रेती वेगळी. टाकी धुतल्यावर पहिलं पाणी प्रत्येक शाफ्टच्या (खाली येणाऱ्या उभ्या पाइपांच्या) तळाच्या ड्रेन कॉकमधून सोडून द्यायचं असतं, हे मी नोटिसबोर्डावर लावलं तर मेंबर म्हणतात पाणी वाया घालवताय. असो.

पानापकड :
सेक्रेटरी साहेब बरोबर बोलले. आता मी सांगतो तसं करा, मेकॅनिकची गरज नाही फक्त गॅसला हात लावायचा नाही. गॅसच्या बाजूची एकही फिटिंग ढिली करायची नाही, ते काम फक्त गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाचं.

पहिल्यांदा बादली. एकच बादली गारने भरा आणि मग गरमने भरा, मोबाइलवर वेळ लावा. अंदाजाने "बारीक येतंय" म्हणण्यात अर्थ नाही, नंतर सुधारलं की नाही हे पण कळणार नाही.

मग गीझरचा गॅस कॉक बंद, दोन्ही सेल बाहेर, म्हणजे पाणी वाहिलं तरी पेटायचा प्रश्नच नाही. गीझरच्या खाली दोन पाण्याचे कनेक्शन पाइप असतात, एक गार आत जाणारा आणि एक गरम बाहेर येणारा. आधी गरमचा पाइप गीझरच्या टोकाला सोडवा आणि तिथे खाली बादली धरून गारचा अँगल कॉक (भिंतीतून पाइप निघतो तिथली तोटी) उघडा. तिथूनच जर बारीक धार आली तर भानगड गीझरमध्ये किंवा त्याच्या आधी. तिथे धो धो आलं तर गीझर बिचारा निर्दोष, भानगड पुढच्या पाइपात नाहीतर मिक्सरमध्ये (गरम-गार मिसळणाऱ्या नळात), मग कॉइल बदलून काय उपयोग?
बारीक आली तर अँगल कॉक बंद करून गारचा पाइप सोडवा, आणि कॉक परत उघडून नुसत्या पाइपातून किती फोर्स येतो ते बघा. इथे फोर्स चांगला असेल तर इनलेटच्या आत डोकावा, छोटी जाळी दिसेल, लांब नाकाच्या पकडीने हळू ओढायची, ती ब्रशने धुवायची. जाळी स्वच्छ आहे, आत येणारं पाणी जोरात आहे, आणि तरीसुद्धा बाहेर बारीक, असं निघालं तर आणि तरच कॉइल.
परत बसवताना जुने वॉशर बघून घ्या. पान्हा लावून आवळायचं पण पैलवानकी नाही, पितळेची चूडी आहे.

यंत्रअभियंता :
कढत पाणी आणि मधेच बंद होणं, दोन्हीचं मूळ एकच आहे. गॅस गीझर म्हणजे ठराविक ताकदीची भट्टी. हिशोब सोपा आहे, मिनिटाला किती लिटर गुणिले किती अंशाने तापवायचं गुणिले ०.०७, आलेलं उत्तर किलोवॅट. ६ लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशाने तापवणारा, ६ × २५ × ०.०७ = साडेदहा किलोवॅट. आता पाणी जर ३ च लिटर येत असेल तर तीच उष्णता अर्ध्या पाण्यात जाते, ५० अंशाने तापतं, टाकीतलं पाणी २५ चं असेल तर थेट ७५. तिथे ओव्हरहीटचा सेन्सर गॅस तोडतो, तोडलाच पाहिजे. तुम्ही गॅस कमी केलात तेव्हा चटका कमी झाला असेल, पण पाणी त्याहून कमी झालं की दुसरी गोष्ट होते, आत एक रबराचा डायाफ्राम असतो, वाहत्या पाण्याच्या दाबाने तो पिन ढकलतो आणि ती पिन स्विच दाबते. धार अगदी बारीक झाली की पिन मागे येते आणि ज्योत बंद. मिक्सरवर गार मिसळायला गेलात की गरमच्या बाजूचं वाहणं अजून कमी, म्हणून नेमकी अंघोळीच्या मध्यावर बंद पडते.

नेरूळची_माई :
मी पण विचारू का इथेच, वेगळा धागा काढत नाही. आमचा गीझर विजेचा आहे, १५ लिटरचा, सिडकोची जुनी बिल्डिंग, वरचा मजला. आमचंही तसंच, गार बरं येतं आणि गरम अगदी केविलवाणं. सकाळी पहिल्यांदा गरम सोडलं की थोडा वेळ तांबूस येतं मग साफ होतं. मेकॅनिक येऊन गीझर उघडून टाकी धुवून गेला, चार दिवस बरं वाटलं की मलाच तसं वाटलं कोण जाणे. आणि दुसरं म्हणजे गीझर चालू असला की खालच्या वॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं, ते बंद करून द्या म्हटलं तर तो म्हणाला बूच मारून देतो. मारू देऊ का?

पानापकड :
माई, बूच मुळीच मारू देऊ नका!! तो सेफ्टी वॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी २५ वरून ६५ वर गेलं की साधारण पाव लिटर जागा जास्त लागते, आणि तिथे नॉन रिटर्न असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही, मग ते थेंबाथेंबाने बाहेर टाकलं जातं. तापताना गळणं बरोबर आहे. गीझर बंद करून थंड झाल्यावरही सतत गळत असेल तर वॉल्व्ह बदलायचा. त्याच्या तोंडाला छोटी नळी लावून मोरीत सोडा, संपला विषय. ज्याने बूच मारतो म्हटलं त्याला परत घरात घेऊ नका.

यंत्रअभियंता :
माईंचं तांबूस पाणी म्हणजे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये भिंतीत सगळं जीआयच आहे, आणि गरमची लाइन गारपेक्षा आधी गंजते. आतून गंजाचे थर चढत चढत अर्ध्या इंची पाइपाचं भोक पेन्सिलीएवढं राहतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते तसं मऊ, त्यामुळे क्षारापेक्षा गंजाचाच संशय जास्त. पानापकडनी वर सांगितलेली तपासणीच करायची, फक्त आधी भिंतीवरचा स्विच आणि एमसीबी दोन्ही बंद आणि आतलं पाणी थंड होऊ द्यायचं. गीझरच्या लाल (गरम बाहेर येणाऱ्या) टोकाला जोरात आणि नळाला बारीक असं निघालं तर टाकी कितीही वेळा धुवा, फरक पडणार नाही.

रेडिंगचा_डोंबिवलीकर :
इंग्लंडमधून लिहितोय, सासर ठाण्यात नौपाड्याला म्हणून हा धागा दिसला. आमच्याकडे कॉम्बी बॉयलर असतो, म्हणजे टाकी नाही, रेडिएटर गरम करणारं आणि नळाचं पाणी गरम करणारं एकच डबडं. इथेही अगदी हीच रड. मागच्या थंडीत आमचा गरम शॉवर मुंगीच्या पावलाने यायला लागला. पहिली गोष्ट सगळे हीच करतात की बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघतात, तो १ ते १.५ बारमध्ये असला की म्हणतात प्रेशर तर बरोबर आहे. पण तो काटा रेडिएटरच्या बंद लाइनचा आहे! नळाला येणारं पाणी थेट रस्त्याच्या मेन लाइनवरून येतं, त्याचा या काट्याशी काही संबंध नाही. लोक उगाच पाणी भरत बसतात.
दुसरं म्हणजे इथे थंडीत धार थोडी बारीक होणं हा बिघाडच नाही. अभियंता साहेबांचाच हिशोब लावा, २४ किलोवॅटचा बॉयलर, मेनचं पाणी कडाक्याच्या थंडीत ५-७ अंश, ते ४० च्या पुढे न्यायचं म्हणजे ३५ अंशाने तापवायचं, तर मिनिटाला १० लिटरही मिळत नाहीत. उन्हाळ्यात त्याच बॉयलरवर १३-१४ लिटर मिळतात.
आमच्या इथे पाणी भयंकर जड, सगळा खडूचा दगड जमिनीखाली. बॉयलरमध्ये पातळ पत्र्यांची एक जाड वडी असते, प्लेट हीट एक्स्चेंजर, एका बाजूने बॉयलरचं गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचं, मधली फट मिलीमीटरमध्ये. ती क्षाराने भरते. आमची तीच भरली होती, ती बदलली. पण ते काम मी केलं नाही, इथे बॉयलरच्या गॅसच्या भागाला हात लावायला गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेलाच माणूस लागतो, कायदाच आहे. घरच्याने फार तर बॉयलरखालचा गारचा वॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना बघावं, शॉवरचं डोकं आणि मिक्सरच्या जाळ्या साफ कराव्यात.
आणि गरमचा नळ सोडला की रेडिएटर तापतोय आणि नळाला कोमट, असं असेल तर डायव्हर्टर वॉल्व्ह अडकलाय, ते वेगळं दुखणं.

सेक्रेटरी_नाइलाजाने :
डोंबिवलीकर, तिकडे जाऊन पण जड पाणी सुटलं नाही तुम्हाला.

रेडिंगचा_डोंबिवलीकर :
नशीब :D उलट डोंबिवलीचं पाणी लाखपट बरं होतं, फक्त यायचं नाही एवढंच.

खारघरचा_पक्या :
आमच्याकडे गॅस गीझर बाथरूमच्या आतच आहे, आधीच्या मालकाने बसवलेला, सिलेंडरवरचा. फोर्स ठीक आहे. पण सध्या थंडी म्हणून काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावलाय तर पाणी जास्त गरम वाटतं आणि ज्योत पिवळसर दिसते. हे पण प्रेशरचंच असेल का?

यंत्रअभियंता :
पक्या, हे वाचून झालं की पहिल्यांदा उठ आणि तो पुठ्ठा काढ. नंतर सिलेंडरचा रेग्युलेटर बंद कर. मग पुढचं वाच.
पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, हवा पुरत नाहीये, आणि अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. गॅस लीक झाला तर वास येतो कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, या विषाला तसा काही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतं. डोकं जड होतं, पाय गळतात, आणि दाराची कडी काढायचीही ताकद राहत नाही. दरवर्षी थंडीत बाथरूममध्ये माणूस गेल्याच्या बातम्या येतात त्या याच. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत.

पानापकड :
+१००. खिडकी उघडी ठेवतो वगैरे पण चालणार नाही. तोपर्यंत गॅसवर पातेलं ठेवा आणि बादलीने अंघोळ करा.

नेरूळची_माई :
बाळा, ऐक त्यांचं. आजच्या आज बंद कर.

खारघरचा_पक्या :
काढला पुठ्ठा. रेग्युलेटर पण काढून ठेवला. आईला सांगितलंय कोणी लावायचा नाही.

उंदीरमामा :
नवी मुंबईकरांना थंडी कधीपासून वाजायला लागली पण.

कासारवडवलीकर :
हां तर रविवार सत्कारणी लागला. सविस्तर लिहितो.

१५ लिटरची बादली. गार साधारण दीड मिनिटात, गरमला पाच मिनिटं होऊन वर काही सेकंद, म्हणजे मिनिटाला ३ लिटरच्याही खाली. गॅस कॉक बंद केला, सेल काढले, गरमचा पाइप गीझरकडून सोडवला, तिथेच बारीक. मग गारचा सोडवला तर पाणी थेट समोरच्या भिंतीवर, ड्राय बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे सगळे परत भिजले, त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. म्हणजे पाणी आत नीट येतंय. जाळी काढली. जाळी म्हणजे बोटाच्या पेराएवढी टोपी, आणि तिच्यात काळपट रेती, टाकीच्या आतल्या रंगाचे निळे टवके आणि टेफ्लॉन टेपचा एक गोळा. उजेडाकडे धरली तर एका कोपऱ्यातून तेवढा प्रकाश दिसत होता. जुन्या टूथब्रशने धुतली, बसवली.

परत लावताना पानापकड म्हणाले तसे वॉशर बघितले तर गरमच्या कनेक्शन पाइपातलं काळं रबर भिजवलेल्या साबुदाण्यासारखं टरटरून फुगलेलं, मधलं भोक जवळपास मिटलेलं. काढताना तुकडेच पडले हातात. हे बहुतेक बरेच दिवसांपासून होत असणार आणि जाळीने वरून कळस केला. जांभळी नाक्याच्या हार्डवेअरवाल्याकडून गरम पाण्यासाठीचा म्हणून नवीन कनेक्शन पाइपच आणला, वॉशरसकट.

आता बादली दोन मिनिटांत भरते. पण नवीनच तक्रार, पाणी कोमट आहे! फोर्स मस्त आणि गरमपणा गेला. बायको म्हणतेय की हे आधीच बरं होतं निदान गरम तरी होतं.

यंत्रअभियंता :
गॅसचा नॉब कुठे आहे? अगदी कमीवर आणून ठेवलाय असं तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय. तेव्हा ३ लिटर पाणी होतं म्हणून कमी गॅस पुरला, आता साडेसात लिटर वाहतंय. दोन मिनिटांत १५ लिटर म्हणजे तेवढं झालं. गॅस पूर्ण केलात तरी साडेदहा किलोवॅटमध्ये साडेसात लिटर २० अंशानेच तापणार, म्हणजे ४५ पर्यंत. अंघोळीला ते पुरतं. अजून गरम हवं तर पाण्याचा नॉब थोडा कमी करा, ६ लिटरच्या आसपास आणा. यात जादू काही नाही, पाणी जास्त हवं की गरम जास्त हवं, दोन्हीपैकी एक निवडा, नाहीतर मोठा गीझर घ्या. आणि दोन बाथरूममध्ये एकाच वेळी अंघोळी करायच्या असतील तर या गीझरकडून अपेक्षाच करू नका.
ज्यांच्या डोक्यात ३ किलोवॅटचा छोटा विजेचा इन्स्टंट घ्यायचं आहे त्यांनीही हाच हिशोब करावा. २० अंश तापवायचं तर मिनिटाला जेमतेम २ लिटर. भांड्यांना ठीक, शॉवरला नाही.

कासारवडवलीकर :
अगदी बरोबर, गॅसचा नॉब कमीवरच होता. पूर्ण केला, पाण्याचा थोडा कमी केला, आता झकास. किचन आणि कॉमन बाथरूम एकदम ओके. मास्टर बाथरूमला मात्र अजून गरम कमीच आहे, गार ठीक.

पानापकड :
मग तिथला मिक्सर. तो भिंतीतला आहे ना? एका दांड्याचा? त्याच्या आत सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं, गरमच्या बाजूला तीच रेती अडकली असणार. बाथरूमचे दोन्ही कॉक बंद करून दांडा आणि वरची प्लेट काढायची, कार्ट्रिज बाहेर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायचं. ते काढलेलं असताना कॉक क्षणभर उघडून लाइन पण धुवून घ्या, आधी फडकं धरा, तुमचा भिंतीवर पाणी उडवायचा अनुभव ताजा आहे. नाही सुधारलं तर कार्ट्रिज त्याच मॉडेलचं नवीन आणा, जुनं बरोबर घेऊन जा दुकानात, फोटोवर जाऊ नका, दात वेगळे निघतात.
अजून एक. तिथे जेट स्प्रे मिक्सरच्या लाइनवर घेतलाय का? काही बिल्डर आणि काही शहाणे प्लंबर गरम गार दोन्ही उघडं ठेवून पुढे स्प्रेने बंद करायची सोय करतात. तसं असेल तर गार पाणी मिक्सरमधून गरमच्या लाइनमध्ये घुसतं आणि सगळ्या घराचं गरम कोमट होतं. शोधून सापडत नाही लवकर.

कासारवडवलीकर :
नाही, स्प्रे वेगळ्या गारच्या लाइनवर आहे, तपासलं. कार्ट्रिज काढतो.

ओवळ्याची_राणी :
वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका, समजा जाळी साफ करून पण बारीकच येत असेल म्हणजे खरंच कॉइल असेल तर बदलायलाच लागते का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरे थर येतात.

यंत्रअभियंता :
लगेच नाही. जड पाणी तापवलं की त्यातला विरघळलेला चुना खडू होऊन बाहेर पडतो, जेवढं जास्त तापवाल तेवढा जास्त, म्हणून गारची लाइन धडधाकट राहते आणि गरमची भरते. पिण्याच्या पाण्याला हार्डनेस (जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं भारतीय मानक आहे. तुमच्या बोअरचं एकदा तपासून घ्या, लॅबमध्ये फार खर्च नाही. टीडीएसच्या (एकूण विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) पेनावर जाऊ नका, तो हार्डनेस सांगत नाही.
कॉइल साफ करायला लिंबूसत म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून छोट्या पंपाने कॉइलमधून फिरवतात, बुडबुडे थांबले की भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. संडास धुवायचं अ‍ॅसिड घालणारे मेकॅनिक असतात त्यांना हाकला, क्षारासोबत तांबं पण खाऊन टाकतं आणि कॉइलला भोक पडू शकतं. आणि रोजच्या वापरात पाणी उगाच कढत करून मग गार मिसळत बसू नका, हवं तेवढंच तापवलं तर थर पण कमी बसतो.

नेरूळची_माई :
आमच्याकडे काल यांनी तपासलं, म्हणजे शेजारच्या मुलाला घेऊन. गीझरच्या लाल टोकाला छान जोरात आलं. म्हणजे पाइपच हो. आता प्लंबर म्हणतो सगळ्या टाइल्स फोडायच्या. या वयात घरात तोडफोड नको वाटते, आणि खालच्या मजल्यावरच्यांना लीकेजची भीती.

पानापकड :
फोडायचं काही कारण नाही माई. जुनी गरमची लाइन दोन्ही टोकांना बूच मारून सोडून द्या भिंतीत (इथे बूच चालतं!) आणि गीझरपासून मिक्सरपर्यंत सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप भिंतीवरून बाहेरून घ्या, क्लिपा मारून. सीपीव्हीसी ९३ अंशापर्यंतच्या गरम पाण्याला चालतो. साधा पांढरा यूपीव्हीसी लावून देईल कोणी स्वस्त म्हणून तर नाही म्हणा, गरम पाण्याने तो मऊ पडतो. शक्य असेल तर पाऊण इंची घ्या आणि एल्बो कमीत कमी, तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, टाकी डोक्यावरच तीन-चार मीटरवर म्हणजे दाब मुळातच पाव-अर्धा बार, प्रत्येक वळण त्यातलं थोडं खातं. दिसायला थोडं वाईट पण उद्या गळलं तर दिसेल तरी. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सेक्रेटरी_नाइलाजाने :
आणि सोसायटीला पत्र द्या माई, टेरेसवरून खाली येणारी लाइन पण जीआयची असेल तर ती सोसायटीने बदलायची असते, तुमच्या खिशातून नाही. घराच्या आतलं तुमचं. हे सांगितलं म्हणून तुमचे सेक्रेटरी मला शिव्या घालतील.

कासारवडवलीकर :
कार्ट्रिज व्हिनेगरमध्ये ठेवून बसवलं, गरमच्या भोकात रेतीचे कण होतेच. मास्टर बाथरूम पण सुरळीत. आमच्या सेक्रेटरींना सांगितलंय की पुढच्या वेळी टाकी धुतल्यावर शाफ्ट रिकामे करा, आणि मी गीझरच्या इनलेटच्या आधी एक वाय-स्ट्रेनर लावून घेतोय, म्हणजे पुढच्या वेळी गीझरला हात न लावता एक टोपण उघडून जाळी धुता येईल. मेकॅनिकचा फोन आला होता कॉइल आणू का म्हणून.

उंदीरमामा :
मग? आणली का?

कासारवडवलीकर :
मामा, तुम्ही घ्या ती, भेट देतो.

खारघरचा_पक्या :
अपडेट. गीझर बाथरूममधून काढला, किचनच्या बाहेरच्या बाल्कनीत घेतोय. प्लंबर म्हणतो भिंतीला कोअर कट मारून गरमची लाइन आत आणू. लाइन साधारण पाच मीटर होईल, प्रेशर पडेल का? आणि बिल्डिंगमध्ये पाइप गॅस आलाय, तर हाच सिलेंडरवाला गीझर त्यावर जोडता येईल का?

पानापकड :
पाच मीटरने प्रेशर फारसं पडणार नाही, पाऊण इंची घेतलीस तर अजिबात नाही. फक्त नळ सोडल्यावर गरम यायला जरा वेळ लागेल, आधी पाइपात साठलेलं गार बाहेर येणार. उघड्यावर जाणाऱ्या भागाला फोमची नळी चढव.
सिलेंडरचा गीझर पाइप गॅसवर तसाच जोडायचा नाही. पाइप गॅस घरात २१ मिलीबारला येतो, सिलेंडरचा रेग्युलेटर साधारण ३० ला देतो, आणि गॅस पण वेगळा, त्यामुळे बर्नरचे जेट वेगळे लागतात. तसाच जोडला तर ज्योत मरतुकडी आणि पाणी कोमट, मग तू इथे येऊन प्रेशर कमी आहे म्हणून नवीन धागा काढशील. कंपनीकडून कन्व्हर्जन होत असेल तर कर, नाहीतर पाइप गॅसचाच घे, आणि गीझरचा पॉइंट गॅस कंपनीकडे अर्ज करूनच घे. बाल्कनीला काचा लावून बंद केलेली नाही ना?

खारघरचा_पक्या :
नाही, फक्त ग्रिल आहे.

पानापकड :
मग झालं. काचा लावू पण नकोस.